तिठ्यावरची वीस मिनिटं

१

एकट्याने तंबू उभारायला मला आठ मिनिटं लागतात. आधी खाली मेणकापड, मग दोन वाकत्या काड्या, मग चार कोपऱ्यांना खुंट्या. मोटारसायकल वाऱ्याच्या अंगाला आडवी लावायची, म्हणजे स्टोव्ह विझत नाही. स्टँडखाली चपटा डबा ठेवायचा, नाहीतर ओल्या मातीत स्टँड रुततो आणि पहाटे गाडी अंगावर येते. हे सगळं मला लेन रेस्ट्रिकने शिकवलं होतं.

लेन आमच्या मोटारसायकल क्लबातला सगळ्यात वयस्क माणूस. सदुसष्ट वर्षांचा. मी सगळ्यात लहान. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मी डार्लिंग्टनला टायरच्या दुकानात लागलो आणि पहिली गाडी घेतल्यावर क्लबात गेलो. तिथे मी कोपऱ्यात उभा राहायचो. लेन येऊन माझ्या शेजारी उभा राहायचा आणि तोही काही बोलायचा नाही. मला ते फार बरं वाटायचं.

मागच्या जूनमध्ये क्लबाच्या सहलीत तो गेला. यंदा ती सहल काढायचं कुणी नावच घेतलं नाही. मी दुकानात तीन दिवसांची रजा मागितली. एकटाच जाणार म्हटल्यावर मालक म्हणाला, “पावसात, एकटा, तंबूत? तुला घरी कुणी मारतं का रे?” सगळे हसले. मीही हसलो.

तोच रस्ता, तेच मुक्काम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ता बार्नस्लॅक गावातून जातो. तिथे लेनची बायको डोरीन राहते. वर्षभर ती मला एकच प्रश्न विचारत होती आणि वर्षभर मी तिला खोटं उत्तर देत होतो. या वेळी तिच्या दारात जाऊन खरं सांगायचं, असं ठरवून मी निघालो होतो.

२

पहिला मुक्काम एका मेंढपाळाच्या शेतात होता. दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. मालकीण ग्वेन नावाची दणकट बाई होती. तिने फाटक उघडून धरलं, मी आत गेलो, इंजिन बंद केलं. ती मात्र फाटक धरून तशीच उभी.

“बोलाव की त्याला लवकर,” ती म्हणाली. “मेंढ्या बाहेर पडतील.”

मी म्हटलं, मी एकटाच आहे.

“मग वळणावर कोण थांबलंय? भांडलात वाटतं. माझा नवराही असाच वळणावर जाऊन थांबतो.”

मी हेल्मेट काढून रस्त्यापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे ओला रस्ता, वळणावर कुणी नाही. रस्त्याच्या कडेला तेलाचे चार-पाच ताजे थेंब पडले होते. जुन्या गाड्या गळतातच, आणि या रस्त्यांवर जूनमध्ये शंभर मोटारसायकली फिरतात. कुणी नकाशा बघायला थांबला असेल आणि गेला असेल.

फक्त जाताना त्याचा आवाज यायला हवा होता. तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी इंजिन बंद केल्यावर मात्र क्षणभर दुसरं एक इंजिन चालू राहिलं होतं. एका सिलिंडरचं. थड, थड, थड. मग तेही बंद झालं. दगडी भिंतींमध्ये आवाज घुमतो, हे मला माहीत आहे. माझ्या गाडीला मात्र दोन सिलिंडर आहेत.

सकाळी ग्वेनने बेकन घातलेले दोन पाव कागदात बांधून आणून दिले. एक माझा, एक त्याचा. दूध काढायला उठली तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता म्हणे, पिवळं जाकीट घालून. आत ये म्हटलं तर आला नाही.

“बोलत नाही का तो?” तिने विचारलं.

मी म्हटलं, लाजाळू आहे. का म्हटलं ते कळलं नाही. दुसरा पाव मी तिच्या कुत्र्याला दिला.

३

मागच्या वर्षी काय झालं ते इथे सांगायला हवं.

वीस गाड्या एका मागोमाग जातात तेव्हा मागचे लोक वाट चुकतात. त्यासाठी आमच्यात एक रीत आहे. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला माणूस. वळण आलं की त्याच्या मागचा माणूस तिथे थांबतो आणि येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. सगळ्यात शेवटी पिवळ्या जाकिटातला माणूस असतो. तो दिसेपर्यंत वळणावरच्या माणसाने जागा सोडायची नाही. तो दिसला की त्याच्या पुढे निघायचं. आणि वळणावर कुणीच उभं नसेल तर सरळ जायचं. एवढेच नियम. लहान मूलही पाळू शकेल.

पिवळं जाकीट नेहमी लेनचं असायचं, आणि त्याची गाडी जुनी, एका सिलिंडरची.

त्या दिवशी एका तिठ्यावर मी उभा राहिलो. सरळ रस्ता ओढ्याकडे आणि वर माळावर जात होता. आम्हाला उजवीकडे मुक्कामाला जायचं होतं. अठरा गाड्या गेल्या. लेन आला नाही. पाऊस लागला. समोर एक पब होता आणि त्याच्या खिडकीत बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एक जण दारात येऊन म्हणाला, “काय रे, बुजगावणं म्हणून ठेवलंय का तुला? एक कावळा तरी उडव.” आत हशा झाला. कुणीतरी काचेवर टकटक केली. कुणी माझ्याकडे बघत राहिलेलं मला सहन होत नाही, लहानपणापासून. मान खाली घालून मी आणखी दहा मिनिटं काढली. मग गाडी सुरू केली आणि उजवीकडे निघून गेलो.

मुक्कामावर बाझने, म्हणजे आमच्या पुढच्या माणसाने, विचारलं, लेन कुठाय? मी म्हटलं, माझ्या मागेच होता. त्याला बघूनच मी निघालो.

अर्ध्या तासाने सगळे शोधायला निघाले. तिठ्यापासून मुक्कामापर्यंतचा उजवीकडचा रस्ता त्यांनी गडग्यापलीकडे, ओहोळात, झुडपांत उतरून तपासला. पोलीस आले, त्यांनीही तोच रस्ता तपासला, कारण लेन तिठ्यावरून वळला होता असं मी सांगितलं होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. दर पाच मिनिटांनी मी ठरवायचो, आता बोलतो. जितका उशीर झाला, तितकं ते वाक्य जड होत गेलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका मेंढपाळाला तो सापडला. सरळ रस्त्यावर, ओढ्यात. गाडीखाली पाय मोडलेला. त्याची साखळी उतरली होती, ती चढवण्यात त्याला उशीर झाला होता. तिठ्यावर कुणी दिसलं नाही म्हणून तो नियमाप्रमाणे सरळ गेला. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असावा.

मग सगळ्यांनी मिळून अर्थ लावला, की लेन तिठ्यावरून वळला आणि पुढे का कोण जाणे, परत फिरला. अंत्यविधीच्या दिवशी डोरीनने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “तो परत का फिरला रे? निघताना आमचं भांडण झालं होतं. घरी यायला निघाला होता का तो? तू शेवटचं बघितलंस त्याला. कसा होता?”

मी म्हटलं, बरा होता. मला बघून त्याने हात केला.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. कसा हात केला? मी सांगायचो, डावा. उजवा थ्रॉटलवर असतो, म्हणून आम्ही सगळे डाव्याच हाताने हात करतो. केवढा वर? चांगला डोक्याच्या वर. हातमोजा होता? होता, काळा. फेब्रुवारीत मी सांगितलं, बोटं पसरलेली होती. ती पलीकडे हळू आवाजात “हं, हं” करायची, आणि मला वाटायचं, निदान एवढं तरी मी तिला देतोय.

४

दुसऱ्या दिवशी आरशात दिवा दिसू लागला.

एकच दिवा, पिवळट, जुन्या गाडीचा असतो तसा. मी वेग कमी केला की त्याचाही कमी व्हायचा. वाढवला की वाढायचा. वळण घेतलं की दिसेनासा व्हायचा आणि मी तीन आकडे मोजेपर्यंत पुन्हा आरशात यायचा. मी स्वतःला समजावलं, की आरसा थरथरतो, ओल्या काचेवर उजेड फुटतो. कुणीतरी माझ्यासारखाच घाबरट मागे राहून चालवत असेल, तर त्याचा तो हक्क आहे.

दुपारी माळावर रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता बंद. दोन्ही टोकांना गोल पाटी घेतलेली माणसं, पाटीच्या एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘चला’. अलीकडच्या माणसाने मला सोडलं. दोनशे यार्डांचा सरळ पट्टा, डावीकडे खणलेला चर, उजवीकडे गडगा. बाजूला वळायला जागाच नाही. मी पलीकडे पोचलो. तिथल्या माणसाने पाटी फिरवून समोरच्या गाड्या सोडायला हव्या होत्या. त्याने सोडल्या नाहीत. तो मी आलो त्या दिशेला बघत राहिला. समोर दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर खोळंबले होते. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. मिनिटभराने पाटीवाल्याने मान हलवली आणि पाटी फिरवली.

मी गाडी कडेला लावून चालत त्याच्याकडे गेलो. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं मला अवघड जातं. मी विचारलं, कुणासाठी थांबला होतात?

“तुझ्या म्हाताऱ्यासाठी,” तो म्हणाला. “पिवळ्या जाकिटवाला. सावकाश आला, पण रीतीचा माणूस. हात करून गेला. तुम्ही पोरं साधं बघत नाही.”

मी विचारलं, कसा हात केला?

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. मग पाटी उजव्या हातात घेतली आणि डावा हात उचलून दाखवला. डोक्याच्या चांगला वर. बोटं पसरून.

“कुठे गेला तो?” मी म्हटलं.

“कुठे म्हणजे? तुझ्या शेजारून गेला की. तू बघतच होतास.”

५

तिसऱ्या दिवशी तीन वाजता मी तिठ्यावर पोचलो. माळावरून धुकं खाली उतरलं होतं आणि भुरभुर चालू होती. पब बंद पडला होता. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आता बघायला कुणी नव्हतं.

मी गाडी तिथेच उभी केली, मागच्या वर्षी केली होती तिथे. रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं की या वेळी थांबलो तर कदाचित पुरेल, आणि डोरीनकडे जायची गरजच उरणार नाही. इतकं मी स्वतःशी कबूल करतो.

दहा मिनिटं झाली. एक मेंढी गडग्यावरून डोकं काढून माझ्याकडे बघत चघळत राहिली. पंधरा मिनिटं. पायात गोळे आले. वीस मिनिटं झाली आणि मी जागा सोडली नाही. मग आवाज आला.

थड, थड, थड.

धुक्यात आधी दिवा दिसला. मग त्याच्याभोवती पिवळं काहीतरी. चाळीस-पन्नास पावलांवर येऊन तो थांबला. इंजिन चालू होतं. मी त्याला उजवीकडची दिशा दाखवायला हात उचलला. तो हलला नाही. मग त्याचा डावा हात वर गेला, सावकाश, एखादं वजन उचलावं तसा, डोक्याच्या वर, आणि तिथेच राहिला. बोटं पसरलेली. मला काळा हातमोजा स्पष्ट दिसला. हेल्मेटच्या काचेत फक्त धुकं दिसत होतं.

हात खाली येईना. मला वाटलं, तो विचारतोय. काय विचारतोय तेही मला ठाऊक होतं.

“मी थांबलो नव्हतो,” मी म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. “लेन, मी थांबलो नव्हतो. मी तुला बघितलंच नाही.”

इंजिन बंद झालं. दिवा गेला. धुक्यातून मी तिथपर्यंत चालत गेलो, तर रस्ता मोकळा होता. मी गडग्यावर बसलो आणि हेल्मेटच्या आत रडलो. खूप दिवसांनी छातीत जागा झाल्यासारखं वाटलं. मग मी गाडी सुरू केली आणि बार्नस्लॅककडे निघालो. वाटभर आरशात काही दिसलं नाही.

६

डोरीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. पावणेसहा झाले होते, बाहेर अजून चांगला उजेड होता. मला ओल्या कपड्यांत बघून तिने आधी किटली ठेवली. म्हणाली, “बस बाळा. किती वाळलायस. जेवतोस की नुसते टायर खातोस?”

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पब, वीस मिनिटं, बाझला काय बोललो, कोणता रस्ता शोधला आणि कोणता राहिला. ती सोलायची थांबली. सुरी तिने हळूच पाण्यात ठेवली.

“म्हणजे तो परत फिरलाच नव्हता,” ती म्हणाली.

“नाही. नियमाप्रमाणे सरळ गेला.”

“आणि पहाटेपर्यंत होता.”

“हो.”

मला वाटलं ती ओरडेल, मारेल. मला ते हवं होतं. तिने हात पुसले, एकेक बोट करून पुसले. मग विचारलं, “आणि हात?”

“तो मी रचला. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

किटली वाजायला लागली, तिने ती बंद केली.

“लेनचा डावा खांदा गेलेला होता,” ती म्हणाली. “वीस वर्षं झाली. हँडल धरायचा, पण हात छातीच्या वर जात नसे. सदरा मी घालून द्यायची. रस्त्यात कुणी भेटलं तर तो मान हलवायचा, हात कधीच करायचा नाही. तुला कसं माहीत असणार, तू नेहमी त्याच्या पुढे.” ती थांबली. “मी म्हटलं, त्या दिवशी उचलला असेल. कसाही करून उचलला असेल. भांडून गेला होता ना.”

मी ओलं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

“मग सहा वाजता गल्लीच्या तोंडाशी कोण येतं?” तिने विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

“अंत्यविधी झाला त्या दिवसापासून येतं,” ती म्हणाली. “मला एकटीलाच दिसायचं, म्हणून कुणाला बोलले नाही. आधी नुसता दिवा. मग तू सांगितलंस डावा हात, तर डावा हात. तू म्हणालास डोक्याच्या वर, तर त्या संध्याकाळी डोक्याच्या वर. फेब्रुवारीपर्यंत बोटं नव्हती रे त्याला.” तिचा आवाज एकदम लहान झाला. “वर्षभर मी या खिडकीतून त्याला हात करतेय.”

“चेहरा?” मी विचारलं.

“चेहऱ्याचं तू कधी काही सांगितलं नाहीस.”

बाहेर, दूरवर, थड थड सुरू झालं. खिडकीच्या काचेला बारीक कंप सुटला. डोरीनने पडदा ओढला आणि खिडकीला पाठ करून उभी राहिली. तिने माझ्यावर राग काढला नाही. फक्त म्हणाली, “तू केलंयस ते. तू जाऊन बघ.”

मी बाहेर आलो. माझ्यामागे तिने दाराला कडी घातली. गल्लीत कुणी नव्हतं. एका घरातून बातम्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मासे तळत होतं. गल्लीच्या तोंडाशी स्वच्छ उजेडात ती गाडी उभी होती आणि तिच्यावर पिवळं जाकीट. डावा हात वर होता.

मला बघून इंजिन बंद झालं. मी चार पावलं पुढे गेलो. तेव्हा तो हात खाली आला, आणि मी कधीच न सांगितलेली एक गोष्ट त्याने केली. तो हेल्मेटच्या काचेकडे गेला आणि काच वर करू लागला.

मी जागचा हललो नाही.